चष्मा गेला, पण डोळे कोरडे झाले!

लग्न ठरले, स्पर्धा परीक्षा जवळ आली किंवा हेल्मेट घालताना चष्म्याचा रोजचा वैताग नकोसा झाला की पुण्यातली तरुण मंडळी लेझरने नंबर घालवायचा विचार करतात. शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते आणि बहुतेकांचा अनुभवही चांगला असतो. पण सर्दी-खोकल्यासाठी माझ्याकडे आलेले काही रुग्ण जाता जाता सांगतात, "डॉक्टर, लेसिक करून सात-आठ महिने झाले. नंबर शून्य आहे, पण डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं. तपासणीत सगळं नॉर्मल आहे म्हणतात."

या तक्रारीला 'किरकोळ' म्हणणे मला पटत नाही. ती शस्त्रक्रियेआधी नीट समजावून सांगायला हवी आणि नंतर गंभीरपणे ऐकून घ्यायला हवी.

कोरडेपणा येतो कुठून?

आपल्या डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यात पाणी असते, पाणी उडून जाऊ नये म्हणून वर तेल असते आणि ते डोळ्याला धरून राहावे म्हणून खाली चिकट पदार्थ असतो. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, नसांचे अतिशय दाट जाळे असते. डोळा वाळू लागला की या नसा मेंदूला निरोप देतात. मग पापणी मिटते आणि अश्रू येतात.

लेसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा कापून बाजूला करतात, लेझरने खालच्या भागाला आकार देतात आणि पापुद्रा परत बसवतात. त्यात यातल्या बऱ्याच नसा कापल्या जातात. निरोप कमी जातो, म्हणून अश्रूही कमी येतात. नसा परत वाढायला काही महिने, कधी वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. स्माइल पद्धतीत छेद लहान असतो, त्यामुळे नसा कमी कापल्या जातात. तरी कोरडेपणा अजिबात येणार नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

अमेरिकेच्या एफडीएने तिथल्या नौदल आणि संरक्षण खात्याबरोबर केलेल्या अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक लोक लेसिकनंतर आपल्या दृष्टीबाबत समाधानी होते. त्याच अभ्यासात, आधी कोरडेपणाचा त्रास नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी तो जाणवत होता. जाहिरातीत पहिला आकडा दिसतो. रुग्णाला दोन्ही कळायला हवेत.

शस्त्रक्रियेआधी

डोळा आधीच कोरडा असेल तर नंतर त्रास वाढण्याची शक्यता जास्त. म्हणून अश्रूंची तपासणी करून घ्या आणि कोरडेपणा असेल तर आधी त्यावर उपचार घ्या. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल तर ते सर्जनला नक्की सांगा. लग्नाआधी चेहरा आणि चष्मा यांचे उपचार एकाच वेळी सुरू असतात आणि ही गोळी पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी कोरड्या पाडते. ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे होतात. मधुमेह, थायरॉइड, संधिवात, तोंडाला सतत कोरड पडणे यांपैकी काहीही असेल तर लपवू नका.

चाळिशीच्या आसपास असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. लांबचा नंबर गेला तरी जवळचे वाचायला चष्मा लागतोच.

त्रास सुरू झाला असेल तर

डोळ्यांतून पाणी येते म्हणजे डोळा कोरडा नाही, असे नसते. टोचल्यामुळे अचानक आलेले पाणी टिकत नाही, लगेच वाहून जाते.

स्क्रीनकडे पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण खूप घटते. हिंजवडीत किंवा खराडीत आठ-दहा तास एसीत बसणाऱ्यांनी दर वीस मिनिटांनी लांब पाहावे आणि पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात. एसीचा झोत चेहऱ्यावर नको. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवा. पुण्याची धूळ आणि कोरडी हवा दोन्ही त्रास वाढवतात.

कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. लाली घालवणारे थेंब परस्पर आणू नका. स्टेरॉइडचे थेंब सल्ल्याशिवाय वापरत राहिल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. गुलाबपाणी, मध, तूप डोळ्यांत घालू नका. डोळे चोळू नका आणि शेक घ्यायचा झाल्यास सर्जनला विचारूनच घ्या.

एवढे करूनही त्रास कमी होत नसेल तर कॉर्नियाच्या तज्ज्ञांना दाखवा. कधी कधी अश्रू पुरेसे असतात, पण परत वाढलेल्या नसा चुकीचे निरोप पाठवतात आणि डोळा दुखत राहतो. हे नसांचे दुखणे आहे, मनाचे खेळ नाहीत. त्याचे उपचार वेगळे असतात. झोप उडाली असेल, मन खचले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा आणि घरच्यांनी "चष्मा तर गेला ना!" म्हणून विषय संपवू नये.

अचानक तीव्र वेदना, नजर कमी होणे, घाण येणे, उजेड सहन न होणे किंवा डोळ्याला मार लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

लेझर करू नका, असे माझे म्हणणे नाही. पण चष्मा हा आजार नाही आणि ही शस्त्रक्रिया तातडीची नाही. सवलतीची शेवटची तारीख जवळ आली म्हणून निर्णय घेऊ नका. कोरडेपणाबद्दल तुमच्या प्रश्नांना शांतपणे उत्तर देणारा डॉक्टर शोधा आणि मगच सही करा.