पुडीपासून गोळीपर्यंत

धुळे-जळगावच्या बातम्यांत नशेचे पदार्थ वेगवेगळ्या रकान्यांत छापून येतात. शिरपूरजवळ महामार्गावर गुटख्याचा ट्रक पकडला जातो, सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाची शेती उपटली जाते, आणि मालेगाव-धुळे पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ या नावाने विकले जाणारे अल्प्राझोलम जप्त होते. कारवाईही तशीच वाटलेली आहे. गुटखा आणि गोळ्या अन्न व औषध प्रशासनाकडे, दारू राज्य उत्पादन शुल्काकडे, गांजा पोलिसांकडे, आणि दप्तरातला व्हाइटनर कोणाकडेच नाही. आठवी-नववीतल्या मुलाच्या खिशात मात्र हे रकाने नसतात. पुडी, सिगारेट, बिअर आणि गोळी त्याच्याकडे एकाच टोळक्यातून आणि बहुधा एकाच टपरीच्या आसपास पोचतात. म्हणून या सगळ्या पदार्थांकडे एकत्रच पाहिले पाहिजे आणि सुरुवात पुडीपासून केली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याला आधार आहे. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १३ ते १५ वयोगटातील ५.१ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचे आढळले. देशाचा आकडा ८.५ टक्के आहे, त्यामुळे आपले बरे चालले आहे असे कोणाला वाटेल. पण त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या धूरविरहित तंबाखू खाणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच सुरुवात केली होती. म्हणजे तिसरी-चौथीत. शिवाय हे सर्वेक्षण वर्गात बसलेल्या मुलांचे आहे. ऊसतोडीला गेलेला किंवा सातवीनंतर शाळा सुटलेला मुलगा त्यात येतच नाही. त्याच वर्षी एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के निघाले. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेला नशेचा हा एकच प्रकार. तो स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, हे त्याचे एक साधे कारण असावे.

एकापेक्षा अधिक पदार्थांचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही. अल्प्राझोलम आणि दारू दोन्ही मेंदूला मंदावतात. दोन्ही एकदम घेतली की श्वास मंदावतो आणि झोपेतच थांबू शकतो. व्हाइटनर आणि थिनरमधल्या टोल्युईनसारख्या द्रव्याने हृदयाचे ठोके अचानक बिघडतात, तेही कधी पहिल्याच वेळी. आणि ज्या मुलाला चौथीपासून दर दोन तासांनी तोंडात काहीतरी टाकायची सवय लागली आहे, त्याला पुढची वस्तू परकी वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो. खानदेशात आजीने मिसरी लावली, आजोबांनी तंबाखू-चुना मळला, आणि त्यांच्यातले कोणी गोळ्यांच्या नादी लागले नाही. हे खरे आहे. पण मिसरी घरात, ठरावीक वेळी लावली जाई. आजची पुडी गोड आहे, सुगंधी आहे, आणि टपरीवर तिच्या माळा मुलाच्या हाताला येतील अशा लटकतात. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तरी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी मिळत राहिली. दोन्ही दाताने फाडायच्या, एकीतले दुसरीत ओतायचे, हलवायचे, की झाला गुटखा. त्यातली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कधीच दिला आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. डेनिस कँडल यांनी १९७५ मध्ये पायरी-पायरीने वाढणाऱ्या नशेचा क्रम मांडला, तेव्हापासून विचारले जाते की पहिली पायरीच दुसरीवर नेते, की घरची ओढाताण, अपयश आणि संगत यांमुळे मूल दोन्हींकडे जाते? याचा निकाल लागलेला नाही आणि पुडी खाणारी बहुतेक मुले गोळीपर्यंत जातही नाहीत. पण उत्तर कोणतेही असो, शाळेने करायचे काम तेच राहते. पुडी कारण असेल तर ती थांबवायची. लक्षण असेल तर त्या मुलाची आधी विचारपूस करायची. आज आपण दोन्ही करत नाही. पुडी सापडली की छडी किंवा दाखला, आणि दाखला हातात दिलेले मूल सबंध दिवस टपरीवरच असते.

पोलिसांनी पुरवठा तोडला की काम झाले, असेही म्हटले जाते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यातून जातात. तिथे छापे हवेतच. पण नुसत्या छाप्यांनी भागत नाही. आइसलँडने मुलांचा रिकामा वेळ भरून काढला. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात झिंग येईपर्यंत दारू प्यायल्याचे सांगितले होते; २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. मैदाने, संगीताचे वर्ग, त्यासाठी पालकांना अनुदान, संध्याकाळी मुले घरी असावीत हा दंडक, आणि दरवर्षी मुलांनाच विचारून केलेली मोजणी, हे सगळे त्यामागे होते. तो देश छोटा आणि श्रीमंत आहे, हे मान्य. पण शाळा सुटल्यावर दोन तास मैदान उघडे ठेवायला आणि शिकवणारा नेमायला रावेर किंवा साक्रीतही श्रीमंती लागत नाही.

परदेशी राहणाऱ्या आपण खानदेशकरांनी हे का लिहावे? कारण आपल्यातले अनेकजण गावच्या शाळेला संगणक, प्रोजेक्टर, वर्गखोली देतात आणि त्या देणगीमुळे मुख्याध्यापक आपले ऐकून घेतात. आपल्यापैकी जे या डिसेंबरात खानदेशात जातील, त्यांनी मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचाराव्यात. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ती हद्द दाखवणारी पिवळी रेघ शाळेने मारली आहे का? पुडीसह सापडलेल्या मुलाशी बोलायला प्रशिक्षित समुपदेशक आहे का? नसल्यास, पुढच्या देणगीतून तीन वर्षे त्याचा पगार दिला तर चालेल का? व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहायला तर काहीच खर्च नाही.