नोकऱ्या मागता, मग ऑर्डर कधी मागणार?

रोहेकर, पेणकर मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण वाचा.

धाटाव एमआयडीसी असो की डोलवी, आपली मागणी ठरलेली: स्थानिकांना कामाला घ्या. रास्तच आहे. पण स्थानिकांकडून खरेदी करा, त्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर घ्या, असं एकाही पुढाऱ्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

मी रोह्यात बसून कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. टँकर गेटवर आल्यापासून काटा होऊन बाहेर पडेपर्यंतची नोंद, शिवाय वेल्डिंगसारख्या धोक्याच्या कामाचं परमिट. एका मोठ्या कंपनीत डेमो दिला. सेफ्टीवाले खूश, गेटवाले खूश. म्हणाले, आधी ट्रायल घेऊ. सात महिने फुकट चालवलं. रात्री दोनला काट्याची नोंद अडकली तरी मीच धावायचो. मग फाईल मुंबईला पर्चेसकडे गेली. उत्तर आलं: तीन वर्षांची उलाढाल दाखवा, अशाच तीन मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी दाखवा आणि बिल ९० दिवसांनी मिळेल.

अहो, पहिली ऑर्डरच कोणी देणार नसेल तर तीन कुठून आणू? पेणच्या गणपती कारखान्यात जाऊन कोणी म्हणतं का, "आधी दीड दिवस फुकट बसवतो, आवडला तर पैसे देतो"?

त्यांची एक भीती खरी आहे. उद्या मी धंदा बंद केला तर त्यांचं गेट अडेल. त्यावर उपाय आहे: सोर्स कोड त्रयस्थाकडे ठेवायचा करार करा. मी आज सही करतो. पण विचारायचंच नाही आणि दार लावायचं, ही कसली काळजी?

आता ते ९० दिवस. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. चुकलं तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीला 'समाधान' पोर्टल २०१७ पासून आहे. मग तक्रार का नाही करत? कारण पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार!

केंद्र सरकारच्या कंपन्यांना २५ टक्के वार्षिक खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावी लागते. आपल्या जिल्ह्यातली थळची आरसीएफ त्यातच येते. खासगी कंपन्यांना असं बंधन नाही, म्हणून तर मागणी करायची. पुढच्या निवेदनात नोकऱ्यांखाली तीन ओळी घाला: ट्रायलचे पैसे द्या, पहिल्या छोट्या ऑर्डरला उलाढालीची अट नको, तालुक्यातून किती खरेदी केली ते दरवर्षी जाहीर करा.

आणि आपल्या पोरांनो, चूक आपलीही आहे. वापरणारा खूश झाला म्हणजे ऑर्डर मिळाली असं नसतं. सही कोण करणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. लेखी पीओशिवाय लॅपटॉप उघडू नका. मी उघडला, सात महिने गेले.

तुमचा अनुभव कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, दिवस किती थांबलात तेवढं लिहा.