समई सुटी करा, मुलांना द्या
दिवाळीला घर भरलं की पोरांना आपण सर्रास सांगतो, "मध्ये मध्ये करू नका." हे मला पटत नाही. कुंभकोणमजवळच्या नाचियार्कोविलची पितळी समई बघा. कावेरीखोऱ्यातल्या गाळमातीच्या साच्यांत ती ओततात, भौगोलिक मानांकनही तिला मिळालंय. बैठक, दांडा, तेलाचं तबक आणि माथ्यावरचा हंस, सगळे भाग आट्यांनी बसतात. म्हणजे सुटतातही! सणाआधी एकेक भाग एकेका पोराकडे द्यावा. चिंचेचा कोळ चोळत, हंसाच्या पिसांमधलं काळं निघेपर्यंत आत्या-काकांच्या मांडीला मांडी लावून घासू द्यावं. कोपरापर्यंत हात बरबटतील, बरबटू द्या. आणि यंदा पहिली वात घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातून, आजीनं हात धरून, लावून घ्या.