देवकुंड राहिलंच

ऑक्टोबरमधला शनिवार. सकाळी अष्टमीत मित्राच्या मावशीकडे पोहे हाणले, कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्यात आलो आणि कोलाडमार्गे भिरा गाठलं. पाच इंजिनियर, सहा कॅमेरे. अक्कल किती, ते पुढे कळेलच.

देवकुंडाच्या निम्म्या वाटेवर गावातले वाटाड्या दादा थांबले. "परत फिरायचं." वर डोंगरात गडगडत होतं, पण आमच्या डोक्यावर लख्ख ऊन! आमच्यातला एक महाभाग म्हणाला, "दादा, पैसे तर पूर्ण घेतलेत!" दादांनी फक्त ओढ्याकडे बोट दाखवलं. पाणी गढूळ झालं होतं, पालापाचोळा वाहत होता. चरफडत फिरलो. सकाळी बूटही न भिजवता ज्या दगडांवरून आलो होतो, ते आम्ही पलीकडे पोचल्यावर अर्ध्या तासात दिसेनासे झाले.

१६ जुलै २०२४ ला माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर रील करताना २७ वर्षांची मुलगी दरीत पडून गेली. जवळपास माझ्याच वयाची. त्याआधी ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मग बंदी येते. यावी. पण बंदीची मुदत संपली की धोकाही संपला, असं आपण धरून चालतो. ढग काही कॅलेंडर बघत नाहीत.

सर्व्हरचा अलर्ट आला की आपण रात्री दोनला उठून बसतो. गढूळ पाणी हाही अलर्टच, फक्त तो वाचता येणारा माणूस गावात राहतो. आणि त्याच्याशी आपण दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो!

असो. देवकुंड राहिलंच. पुढच्या वर्षी जाऊ, त्याच दादांबरोबर. ते म्हणतील तिथून परत फिरायच्या तयारीने.