शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर ही कुणाची तरी वंशावळ आहे



जून महिना लागला की आपल्या आरमोरी भागातल्या जुन्या शाळांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "गुरुजी, आमच्या आबाजीचं नाव तुमच्या रजिस्टरात सापडते काजी?" विचारणाऱ्याच्या घरात बारावी झालेली पोरगी असते. तिला जात वैधता प्रमाणपत्र पाहिजे असते. म्हणजे पूर्वजांचा शोध हा आपल्याकडे हौसेचा विषय नाही. त्यावर लेकराचं शिक्षण अवलंबून असते.

तारखा बघा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा पुरावा मागतात. वनहक्क कायद्यात तर गैरआदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की जमातीच्या दाव्यात राज्यघटनेच्या आधीच्या कागदाला मोठं वजन आहे, फक्त चालीरीतींचे प्रश्न विचारून निकाल लावता येत नाही.

मग हे कागद आहेत कुठं? पहिला आपल्याच कपाटात, दाखल-खारीज रजिस्टर. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, बापाचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख, सगळं एका ओळीत. दुसरा म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा, त्याची नक्कल तहसील कार्यालयात मागता येते. त्यात बरेचदा बाळाचं नावच नसते. बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. तिसरा म्हणजे मालगुजारीच्या काळातले बंदोबस्ताचे कागद. एक ध्यानात ठेवा, गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधीच्या कागदावर जिल्हा चांदा किंवा चंद्रपूर असा असणार. काही कागद मोडी लिपीत असतात, ते जाणकाराकडूनच वाचून घ्या.

आता माझं म्हणणं स्पष्ट सांगते. जुनं रजिस्टर ही शाळेची अडगळ नाही, ती गावाची ठेव आहे. तिला उधई लागली तर चार पिढ्या पुसल्या जातात. म्हणून रजिस्टर लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी तीच पान खाते. उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि आडनावांची यादी करा. जुन्या नोंदीवर पेन मात्र चालवू नका. एका मात्रेच्या फरकानं दावा अडतो हे खरं, पण दुरुस्तीची रीतसर पद्धत आहे, तिनंच जा. आणि ती पानं गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. त्यात लोकांच्या घरची माहिती आहे, मागणाऱ्याला त्याच्यापुरतीच द्यावी.

पण ज्याचा आबाजी शाळेतच गेला नाही त्याचं काय? ज्या आजीचं नाव कोणत्याच कागदावर आलं नाही तिचं काय? कागद नाही म्हणजे ते माणूस नव्हतं असं थोडीच आहे! गोंडांच्या कुळांची वंशावळ परधान पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ सांगत आले. वनहक्क नियमांतल्या नियम १३ मध्ये जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आणि म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं सांगणं, दोन्ही पुराव्यात धरलेले आहेत. अट एकच, लिहून घेतलं पाहिजे.

इंग्लंडमधल्या क्वेकर लोकांचं उदाहरण इथं सांगण्यासारखं आहे. हा ख्रिस्ती लोकांचा छोटा पंथ. चर्चमध्ये बाप्तिस्मा करायचा नाही असं त्यांचं मत, म्हणून चर्चच्या वहीत त्यांच्या पोरांची नावं चढत नव्हती. तिथं सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८३७ मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी आपल्या जन्म, लग्न आणि दफनाच्या वह्या स्वतः हातानं लिहून ठेवल्या. लग्नाच्या कागदावर तर हजर असलेले सगळे, बायासुद्धा, सही करायचे. आज त्यांचे वंशज त्याच वह्यांतून आपली मुळं शोधतात. दुसऱ्याच्या वहीत आपलं नाव नाही म्हणून ते थांबले नाहीत, हे आपण घेण्यासारखं आहे.

म्हणून चौथी-पाचवीच्या वर्गात परिसर अभ्यासाला जोडून एक काम द्या. मुलांनी चार पिढ्यांचा वेल लिहायचा, बापाकडचा आणि मायकडचाही. आजीचं माहेरचं नाव आणि गाव हवंच. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव लागते, आज्यांची नावं मात्र आपल्यालाच जपावी लागतील. साल आठवत नसेल तर "जिल्हा झाला तेव्हा बाबा केवढा होता?", "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठं होता?" असं विचारायला शिकवा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख खाली लिहायला लावा. एखाद्या लेकराच्या घरी सांगायला कुणी नसेल किंवा सांगायचं नसेल, तर त्याच्यावर जबरदस्ती नको.

पालकहो, या कामाला प्रमाणपत्राची गरज पडेपर्यंत थांबू नका. सांगणारं माणूस घरात आहे तोवर वही आणि पेन घेऊन त्याच्याजवळ बसा. रजिस्टर पुढच्या वर्षीही शाळेतच राहील. आजीचं तसं नसते.