होकायंत्राची झिरो एरर



बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शॉपमध्ये एक लॉट रिजेक्ट झाला. बोल आला कंत्राटी हेल्परवर. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच उभे केले. पोरगा रडकुंडीला आला, "काका, मी मोजूनच जॉब घेतले होते." आम्ही त्याचे मायक्रोमीटर पूर्ण बंद करून पाहिले, तर रेघ शून्यावर येईना. आदल्या पाळीत ते कुणाच्या तरी हातून पडले होते आणि कुणी बोलले नव्हते. पोराचे मोजणे बरोबर होते, हत्यार चुकत होते.

हे आठवले नातीमुळे. परवा तिने होकायंत्र आणले. लाकडी पाटावर ठेवले की उत्तर दाराकडे, लोखंडी कपाटावर ठेवले की खिडकीकडे! "आजोबा, हे खोटे बोलते." मी म्हटले, "बाळ, ते खोटे बोलत नाही. शेजारचे लोखंड त्याला ओढते."

घरात ही गंमत आहे. शिडाच्या छोट्या होडीत मात्र जिवाशी गाठ आहे. दिशा ५ अंशांनी चुकली, तर १११ किलोमीटर जाईपर्यंत होडी जवळजवळ १० किलोमीटर बाजूला गेलेली असते. रात्रीच्या वेळी तेवढ्यात खडक येतो.

म्हणून होकायंत्र बसवताना आधी जागा शोधतात. सुकाणू धरणाऱ्याला समोर दिसावे, पण इंजिन, नांगर, साखळी, रेडिओचा स्पीकर यांपासून लांब असावे. स्क्रू पितळेचे. विजेचा प्रवाहही सुईला ओढतो, म्हणून दिव्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून नेतात, म्हणजे दोघींचा परिणाम एकमेकींना मारतो. विजेचा हा त्रास लहान नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मोजमाप अलिबागला न्यावे लागले. १९०४ साली तिथे वेधशाळा उभी राहिली, तीही लोखंड टाळून बांधलेली.

जागा ठरली की होडीच्या नाळेपासून मागपर्यंत मधोमध सुतळी ताणतात. होकायंत्राच्या काचेआड पुढच्या बाजूला एक उभी रेघ असते. तबकडीच्या मध्यापासून त्या रेघेपर्यंतची ओळ सुतळीशी समांतर हवी. यंत्र तिरके बसले, तर सगळ्या दिशांना सारखीच चूक येते. लोखंडाची चूक मात्र दिशेगणिक बदलते.

ती काढण्यासाठी शांत पाण्यात होडी फिरवतात आणि नकाशावरून माहीत असलेल्या किनाऱ्यावरच्या खुणांशी दिशा ताडून पाहतात. खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांत मुंबईच्या किनाऱ्याला एक अंशाहूनही कमी फरक आहे, तोही धरावा लागतो. मग होकायंत्रातले छोटे लोहचुंबक फिरवून उत्तरेला आणि पूर्वेला आलेली चूक पूर्ण काढतात. दक्षिणेला आणि पश्चिमेला दिसेल ती निम्मीच काढतात. स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा पितळेचा, नाहीतर तोच सुईला ओढायचा!

एवढे करूनही थोडी चूक उरते. ती आठ दिशांना मोजून कागदावर लिहितात आणि तो कागद होकायंत्राशेजारी ठेवतात. इंजिन बदलले, नवे यंत्र बसवले, की पुन्हा मोजणी आणि नवा कागद. आता उपग्रहावरून जागा कळते. पण बॅटरी संपली की हेच होकायंत्र आणि हाच कागद कामाला येतो.

मला त्या कागदाचे मोल वाटते. चूक नाहीच, असे तो म्हणत नाही. किती आहे, ते सांगतो. आमच्या शॉपमध्ये मायक्रोमीटर पडले तेव्हा कुणी अशी एक चिठ्ठी लावली असती, तर त्या पोराला गेटवर उभे राहावे लागले नसते. सुपरवायझरला ते मायक्रोमीटर दाखवले, तेव्हा कुठे त्याचे काम वाचले.

तेव्हा घरी मुलांना होकायंत्र कपाटाजवळ नेऊन दाखवा. आणि आपल्या हातून एखादे मोजमापाचे हत्यार पडले, तर पुढच्या पाळीच्या माणसाला सांगूनच घरी या.