नोंद वहीतली आणि खळ्यावरची



या सदरात आपण पेरणी, पाणी, खते आणि रोगकिडी यांविषयी बोलतो. आज विषय गाण्याचा आहे. सदर चुकून बदलले की काय, असे समजून पान उलटू नका. गाणे अमेरिकेतले आहे, गाणारा पोरसवदा आहे, पण त्यातून निघणारा प्रश्न आपल्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचतो.

तुमच्या घरातला मुलगा मोबाइलवर तालात झपाझप बोलल्यासारखी गाणी ऐकत असेल. त्याला रॅप म्हणतात. पोवाडा म्हणताना शाहीर मध्येच सूर सोडून डफाच्या ठेक्यावर बोलू लागतो, तो प्रकार डोळ्यांपुढे आणा म्हणजे अंदाज येईल. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क शहरातल्या गरीब, मुख्यत्वे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत हा प्रकार जन्माला आला. त्यामुळे रॅप म्हणजे शहराचे गाणे, असा समज पक्का झाला.

तिकडे ग्रामीण गाण्याचा वेगळा बाज आहे. त्याला ‘कंट्री’ म्हणतात. त्यात घोडे, गुरे, शेत आणि गावची वाट असते. गाणारे बहुतेक गोरे. ही वाटणी इतकी रूढ झाली की ती निसर्गानेच केली असावी, असे लोक मानू लागले.

आता तो मुलगा. नाव मॉन्टेरो हिल, जन्म १९९९ सालचा. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहराजवळ वाढलेला कृष्णवर्णीय तरुण. कॉलेज सोडले आणि बहिणीच्या घरी मुक्काम टाकला. गाण्यासाठी त्याने ‘लिल नास एक्स’ हे नाव घेतले होते. नेदरलँड्समधल्या एका तरुणाने तयार केलेला ठेका त्याने इंटरनेटवरून ३० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे दोन हजार रुपयांना घेतला. त्यावर स्वतःचे शब्द बसवून स्वस्तातल्या स्टुडिओत गाणे ध्वनिमुद्रित केले आणि डिसेंबर २०१८ मध्ये कोणत्याही कंपनीच्या मदतीशिवाय लोकांपुढे ठेवले. गाण्याचे नाव ‘ओल्ड टाउन रोड’, लांबी अवघी १ मिनिट ५३ सेकंद. त्यात घोडा आहे, ट्रॅक्टर आहे आणि एकट्याने दूर निघालेला माणूस आहे. म्हणजे बोलण्याची रीत रॅपची आणि मजकूर ग्रामीण गाण्याचा!

आपला माल आपणच विकायचा, हे त्याने ओळखले होते. तो स्वतःच गमतीची चित्रे करून त्यांबरोबर गाणे पसरवीत राहिला. २०१९ च्या सुरुवातीला टिकटॉक या माध्यमावर (आपल्याकडे ते २०२० साली बंद झाले) पोरांनी ते उचलले. साध्या कपड्यातली पोरे गाण्याच्या ठेक्याबरोबर क्षणात गुराख्याच्या टोपीत दिसू लागली. पाहता पाहता गाणे देशभर झाले.

येथून खरी गोष्ट सुरू होते. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ नावाचे जुने नियतकालिक आहे. कोणते गाणे किती चालते, याच्या याद्या ते दर आठवड्याला प्रसिद्ध करते. आपल्या बाजार समितीत मालाची प्रतवारी होते, तसाच हा प्रकार. मार्च २०१९ मध्ये हे गाणे सर्वसाधारण यादीत, रॅपच्या यादीत आणि कंट्रीच्या यादीतही आले. कंट्रीच्या यादीत त्याचा क्रमांक १९ वा होता. मग बिलबोर्डने ते कंट्रीच्या यादीतून काढून टाकले. कारण दिले की आजच्या कंट्री संगीताची पुरेशी लक्षणे या गाण्यात नाहीत.

त्यावरून मोठा वाद उठला. गोऱ्या मुलाने हेच गाणे म्हटले असते तर त्यात लक्षणे सापडली नसती का, असे लोक विचारू लागले. बिली रे सायरस या नामवंत कंट्री गायकाने मुलाची बाजू घेतली आणि ५ एप्रिल २०१९ रोजी त्याच्याबरोबर त्याच गाण्याची नवी आवृत्ती काढली. मुख्य कंट्री यादीत गाणे परत घेतले गेले नाही. पण सर्व प्रकारच्या गाण्यांच्या यादीत ते सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तोपर्यंतचा विक्रम १६ आठवड्यांचा होता. पुढे त्याच वर्षी कंट्री संगीताच्या संघटनेनेच या जोडगाण्याला पुरस्कार दिला. यादीने नाकारलेला माल मंडळींनी घरात घेतला!

आता लक्षणांचा हिशेब आपणही करून पाहू. कंट्री गाण्याची ओळख म्हणजे बॅन्जो हे वाद्य. ते अमेरिकेत आले आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांबरोबर. गुरे हाकणाऱ्या घोडेस्वारांविषयी इतिहासकारांचा अंदाज आहे की, यादवी युद्धानंतरच्या काळात त्यांतला सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता. सिनेमाने मात्र सगळे गोरे दाखवले. आणि शेतीचे म्हणाल, तर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तुम्हाला परके नाहीत. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ सालच्या पुस्तकाने ते मराठी घराघरांत आणले. जॉर्जियाच्या शेजारच्या अलाबामा राज्यात, टस्कगी येथून, १९०६ साली अवजारे आणि बियाणे भरलेली घोडागाडी गावोगाव निघाली, ती त्यांच्याच कल्पनेतून. बांधावर जाऊन शेतकऱ्याला शिकवण्याचे माझे जे काम, त्याच्या मूळपुरुषांत हा कृष्णवर्णीय माणूस आहे. मग त्या मातीतल्या मुलाच्या गाण्यात ‘गाव’ नाही, हे कोणी ठरवायचे?

ही गोष्ट केवळ गाण्याची असती तर मी लिहिले नसते. १९२० साली अमेरिकेत नऊ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते. शतक संपताना त्यांतले फारच थोडे उरले. सरकारी कर्ज देताना आमच्याशी भेदभाव झाला, असा दावा त्यांनी खुद्द तिकडच्या कृषी खात्यावर लावला. १९९९ साली न्यायालयात तडजोड झाली आणि खात्याला मोठी भरपाई द्यावी लागली. पण तोवर अनेकांची जमीन गेली होती. कित्येकांची जमीन आणखी एका कारणाने गेली. बाप मृत्युपत्र न करता वारला, वारसांची नावे कागदावर नीट चढली नाहीत, आणि एका हिस्सेदाराचा वाटा विकत घेऊन परक्याने सगळ्या जमिनीचा लिलाव घडवून आणला. कसत होते ते, पण वही त्यांना ओळखत नव्हती.

हे वाचताना मला माझी वही आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी प्रशिक्षणासाठी शेतकऱ्यांच्या याद्या करीत असे. सातबाऱ्यावर नाव असेल तो शेतकरी, एवढाच माझा नियम. निंदणी, खुरपणी, लावणी आणि कापूस वेचणी करणाऱ्या बाया शिवारात समोर दिसत होत्या, पण त्यांतली एकही माझ्या यादीत नव्हती. बटईने कसणाराही नव्हता. मग बियाणे राखेत घोळून कणगीत जपणाऱ्या बाईला सोडून तिच्या नवऱ्याला मी बीजप्रक्रिया शिकवीत बसे. लक्षणे मी वहीत पाहिली, खळ्यावर पाहिली नाहीत.

म्हणून सांगतो, आपल्या घरचा सातबारा काढून वाचा. वडील वारले असतील तर वारसनोंद पुढे ढकलू नका, आणि त्यात आई व बहिणी यांची नावे गाळू नका. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी ‘लक्ष्मीमुक्ती’ योजना आहे, तिची चौकशी तलाठी कार्यालयात करा. तुमच्याकडे कोणी बटईने कसत असेल तर व्यवहार लेखी ठेवा.

त्या मुलाच्या गाण्याची एक नोंद मात्र चोख झाली. विकत घेतलेल्या ठेक्यात ‘नाइन इंच नेल्स’ या मंडळींच्या २००८ सालच्या एका सुरावटीचा तुकडा होता. ज्यांची सुरावट, त्या दोघांची नावे गाण्याच्या रचनाकारांत घातली गेली. आणि २०२४ साली त्याच कंट्रीच्या यादीत प्रथम बियॉन्से आणि नंतर शबूझी असे दोन कृष्णवर्णीय कलावंत पहिल्या क्रमांकावर आले. म्हणजे वही बदलता येते.

मात्र ती आपोआप बदलत नाही. लिहिणाऱ्याला कोणीतरी हात धरून खळ्यावर न्यावे लागते. माझा हात एका म्हातारीने धरला होता. भर सभेत तिने विचारले होते, “साहेब, पेरते मी, आणि हजेरी त्याची का?” तेव्हापासून माझ्या यादीत नाव लिहिण्यापूर्वी मी तळहात पाहतो.